चेहरा नटाचा, पण चित्र कोणाचे?

लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर किंवा कॅम्डनच्या बाजारात चित्रांच्या दुकानांतून काही चेहरे हटकून भेटतात. जाड फ्रेमचा चष्मा लावलेला मायकेल केन, बॉन्डच्या भूमिकेतला शॉन कॉनरी, उंच बांधलेल्या केसांची ऑड्री हेपबर्न. मूळ छायाचित्रे बहुधा कृष्णधवल, पण येथे ती भडक गुलाबी, पिवळ्या आणि निळ्या सपाट रंगांत छापलेली असतात. जुन्या ब्रिटिश नटनट्यांची ही पॉप आर्ट शैलीतली चित्रे येथील दिवाणखान्यांत, केशकर्तनालयांत आणि पबच्या भिंतींवर इतकी रुळली आहेत की, छापण्यापूर्वी त्या नटाची परवानगी घेतली होती का, हा प्रश्न कोणी ग्राहक विचारताना मी पाहिलेला नाही.

मायदेशात मात्र नेमका हाच प्रश्न गेली काही वर्षे न्यायालयांत गाजतो आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमिताभ बच्चन यांचे नाव, आवाज आणि छबी यांच्या विनापरवाना वापराला मनाई केली. 2023 मध्ये अनिल कपूर यांना ‘झकास’सकट संरक्षण मिळाले, 2024 मध्ये जॅकी श्रॉफ यांना ‘भिडू’सकट, आणि 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या बाजूने तसाच आदेश दिला. पुण्या-मुंबईच्या माझ्या मित्रमंडळींचा कौल जवळजवळ एकमुखी आहे: ज्याने आयुष्यभर राबून चेहरा कमावला, त्याला विचारल्याशिवाय तो टी-शर्टवर किंवा भिंतीवर कोणी छापू नये. शिवाय, ‘तुमच्या इंग्लंडात हे खपवून घेतले असते का?’ असेही मला ऐकवले जाते. येथे ते खपवून घेतले जाते, आणि तेच योग्य आहे असे माझे मत आहे. फक्त या मोकळीकीबरोबर एक हिशेब चुकता करावा लागतो, आणि आपल्याकडच्या चर्चेत त्या हिशेबाचा उल्लेखही होत नाही.

इंग्लंडच्या कायद्यात स्वतःच्या छबीवर असा स्वतंत्र हक्क कोणालाही नाही. पॉप गायिका रिहाना हिचे छायाचित्र टॉपशॉप या कपड्यांच्या दुकानसाखळीने टी-शर्टवर छापले, तेव्हा तो खटला ती जिंकली आणि 2015 मध्ये अपील न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. परंतु ‘माझा चेहरा माझ्या मालकीचा’ या मुद्द्यावर ती जिंकली नाही. त्या विशिष्ट परिस्थितीत, हा टी-शर्ट तिच्या संमतीने निघाला आहे असा ग्राहकांचा समज होऊन त्यांची फसवणूक झाली असती, एवढ्याच आधारावर तिला न्याय मिळाला. म्हणजे कायदा ग्राहकाला खोट्या शिफारशीपासून वाचवतो, आणि चेहरा समाजात फिरायला मोकळा राहतो.

पॉप आर्टची वाढ याच मोकळीकीत झाली. 1956 मध्ये व्हाइटचॅपल गॅलरीतील एका प्रदर्शनासाठी रिचर्ड हॅमिल्टन यांनी मासिकांतील कात्रणे चिकटवून केलेले कोलाज या कलेच्या आरंभखुणांपैकी एक मानले जाते. पुढे लंडनच्या केल्प्रा स्टुडिओत क्रिस प्रेटर यांनी हॅमिल्टन, पाओलोझी, किताज अशा चित्रकारांसाठी स्क्रीनप्रिंट काढले आणि दुकानांच्या पाट्यांसाठी वापरले जाणारे तंत्र कलादालनात नेले. तंत्र तसे सरळ आहे. छायाचित्रातील मधल्या छटा काढून टाकून फक्त गडद आणि उजळ भाग ठेवायचे, प्रत्येक रंगासाठी ताणलेल्या जाळीची एक वेगळी चौकट तयार करायची, आणि रबरी पट्टीने शाई दाबत एकावर एक थर छापत जायचे. अशा छपाईत चेहऱ्याचे बारकावे जातात आणि उरते ती लांबूनही ओळखू येणारी खूण: केनचा चष्मा, हेपबर्नच्या भुवया. आजच्या बाजारातील बहुतेक प्रती संगणकाच्या छपाईयंत्रातून निघतात आणि त्यांवर पेन्सिलीने ‘50 पैकी 12’, म्हणजे छापलेल्या पन्नास प्रतींतली बारावी, असे लिहिलेले असते. असल्या आकड्यांना मी फारसा भाव देत नाही, पण ती आवडीनिवडीची बाब झाली.

हॅमिल्टन यांनी 1965 मध्ये मेरिलिन मन्रोच्या छायाचित्रांवरून केलेले प्रिंट आपल्या वादाच्या थेट मुळाशी जाते. मूळ छायाचित्रे जॉर्ज बॅरिस यांची होती, आणि त्यांपैकी नको असलेल्यांवर मेरिलिनने स्वतः फुल्या मारल्या होत्या. हॅमिल्टन यांनी त्या फुल्यांसकट ती छायाचित्रे छापली. नटीने नाकारलेली प्रतिमाच चित्राचा विषय झाली. पुण्या-मुंबईच्या माझ्या मित्रमंडळींच्या कसोटीला हे चित्र मुळीच उतरत नाही. तरीही आपली छबी आपल्या ताब्यात ठेवण्याची त्या बाईची धडपड जितकी त्या फुल्यांत दिसते, तितकी तिच्या संमतीने छापलेल्या कोणत्याही पोस्टरात दिसत नाही.

आता हिशेबाकडे वळतो. केनचे ते ओठात न पेटवलेली सिगारेट धरलेले रूप 1965 मध्ये डेव्हिड बेली यांच्या कॅमेऱ्यातून आले. बिलिंग्सगेटच्या मासळीबाजारातील हमालाचा हा मुलगा, लंडनच्या कष्टकरी वस्तीतली आपली कॉकनी बोली न सोडता नायक झाला. त्याआधीच्या ब्रिटिश पडद्यावर अशा बोलीच्या माणसाच्या वाट्याला बहुधा शिपायाची किंवा नोकराची भूमिका येत असे. भिंतीवर ते चित्र लावणारा इंग्रज एका नटाबरोबरच वर्गव्यवस्थेला पडलेली ती चीरही मिरवत असतो. पण ते रूप घडले त्यात केनइतकाच बेलींच्या प्रकाशयोजनेचा आणि नजरेचा वाटा आहे, आणि कायदा तो वाटा मानतो: छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो. विडंबन आणि अनुकरण यांना 2014 पासून सवलत आहे, पण ती वाजवी वापरापुरतीच. अमेरिकेतही 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पॉप आर्टचे अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी काढलेल्या गायक प्रिन्सच्या चित्राच्या एका मासिकाला दिलेल्या परवान्याबाबत, मूळ छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या बाजूने कौल दिला.

आपल्याकडेही छायाचित्रकाराला मृत्यूनंतर 60 वर्षांचे संरक्षण कागदावर आहे. चर्चेत मात्र नट असतो, त्याचे वकील असतात, विक्रेते असतात. चित्र काढणारा कोठेच नसतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरे रंगवली, जी. कांबळे यांनी ‘मुघल-ए-आझम’ची पोस्टरे रंगवली, एस. एम. पंडितांनी नायिकांच्या कांतीला जी झळाळी दिली ती प्रत्यक्ष पडद्यावरही नव्हती, आणि चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी तरुणपणी मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवले. 2002 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने भारतीय चित्रपटांच्या पोस्टरकलेचे प्रदर्शन भरवले होते. हीच रूपे आज उशीच्या अभ्र्यांवर आणि कपांवर छापली जातात, आणि नटाने हरकत घेतली तर बातमी होते. चित्रकाराच्या कुटुंबाने हरकत घेतल्याची बातमी माझ्या तरी वाचनात नाही.

छबीचा हक्क वारसांनाही मिळावा, ही मागणी मला त्याहून अधिक खटकते. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असे हक्क व्यक्तीबरोबर संपतात असे म्हटले, ते उत्तमच झाले. मर्ल ओबेरॉन हिचे उदाहरण घ्या. 1911 मध्ये मुंबईत जन्मलेली ही अँग्लो-इंडियन मुलगी 1930 च्या दशकात ब्रिटिश चित्रपटांची तारका झाली, ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचली, आणि आपला जन्म ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचा असल्याचे अनेक दशके सांगत राहिली. तिने असे का केले हे त्या काळचा वर्णद्वेष पाहता सहज समजते, आणि तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु छबीवर वारसांची कायमची मालकी असती, तर तिला मुंबईच्या पार्श्वभूमीवर रंगवू पाहणाऱ्या चित्रकाराला आज कोणाच्या तरी वकिलाची नोटीस आली असती आणि तिचे अधिकृत टास्मानियन रूपच भिंतींवर उरले असते.

यंत्राने आवाज चोरून गाणी तयार करणे किंवा नटाच्या तोंडी खोटी जाहिरात घालणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि आशाताईंना त्याविरुद्ध मिळालेले संरक्षण मला पूर्णपणे मान्य आहे. तो धाक कागदावरच्या चित्रापर्यंत ताणू नये, इतकेच. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या गाण्यांच्या रेकॉर्डच्या 1967 च्या मुखपृष्ठावर पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या चित्रकारांनी डायना डॉर्सपासून मार्लन ब्रँडोपर्यंत अनेकांना उभे केले, गांधीजींची प्रतिमाही त्यात होती, पण भारतात रोष होईल या भीतीने रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखांनी ती काढायला लावली. लिओ गॉर्सी या अमेरिकन नटाने मानधन मागितले म्हणून तोही वगळला गेला. गॉर्सीला मी कंजूष म्हणणार नाही. मागणे हा त्याचा प्रश्न होता. पण तसे मागणे हा कायद्याने दिलेला हक्क झाला असता आणि त्या गर्दीतील प्रत्येकाने तो बजावला असता, तर ब्लेक यांना ते मुखपृष्ठ करताच आले नसते.

दिल्ली उच्च न्यायालयानेच एप्रिल 2023 मध्ये एका खेळ-कंपनीच्या वादात, विडंबन, कला आणि अभ्यास यांसाठी प्रसिद्ध व्यक्तींची छबी वापरायला हरकत नाही असे मत नोंदवले आहे. पुढच्या वेळी एखादा नट पोस्टर विकणाऱ्याला न्यायालयात खेचेल तेव्हा त्या मताचा आधार वकिलांनी घ्यावा, आणि न्यायाधीशांनी विक्रेत्याला आधी एवढेच विचारावे की मूळ चित्र कोणाच्या हातचे आहे आणि त्याला किती पैसे दिले.