झेड420 मध्ये ‘कुठलाही झिऑन’ बसत नाही

एचपीच्या जुन्या झेड420 वर्कस्टेशनबद्दल (जड कामांसाठीचा डेस्कटॉप संगणक) एक सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतोय. थोडक्यात तो असा: सॉकेट 2011 (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) साठीचा कुठलाही झिऑन, म्हणजे इंटेलचा वर्कस्टेशन-सर्व्हरचा प्रोसेसर, त्यात बसतो, अडलंच तर बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) अपडेट करा, चारऐवजी बारा कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधलं स्वतंत्र काम करणारं एकक) प्रोसेसर टाकलात की वेग तिप्पट, आणि बाकी काही बदलावं लागत नाही.

माझा या मशीनवर जीव आहे. पान्याशिवाय उघडणारा भक्कम डबा, मेमरीच्या आठ जागा, आणि प्रोसेसर बदलला तर आजही पुष्कळ काम देणारा बोर्ड. म्हणूनच हा सल्ला वाचून राग येतो. जपून जमवलेले पैसे लोक याच्या भरवशावर चुकीच्या चिपमध्ये घालतात.

आधी सॉकेटचं बघू. 2012 चे झिऑन ई5 (पहिली पिढी) आणि 2013 चे व्ही2 (दुसरी पिढी), एवढ्याच दोन पिढ्या या बोर्डाच्या. 2014 चा व्ही3 हा 2011-3 नावाच्या वेगळ्या सॉकेटचा आहे आणि त्याला या बोर्डावर न बसणारी डीडीआर4 मेमरी लागते. नावात ‘2011’ दिसलं म्हणून तो इथे चालणार नाही.

‘अडलंच तर बायोस अपडेट करा’ हे वाक्य मात्र सगळ्यात जास्त नुकसान करतं. झेड420 च्या बायोसमध्ये बूट ब्लॉक नावाचा एक भाग असतो. मशीन सुरू होताना सर्वात आधी तोच चालतो, आणि नेहमीच्या बायोस अपडेटने तो बदलत नाही. सुरुवातीच्या बोर्डांवर त्याची तारीख 28 डिसेंबर 2011 आहे, नंतरच्या बोर्डांवर 6 मार्च 2013. व्ही2 प्रोसेसर फक्त 2013 वाल्या बोर्डावर चालतो. 2011 वाल्यावर बायोस कितीही ताजा केला तरी व्ही2 टाकून मशीन बूट होत नाही. बाहेरून दोन्ही मशीन हुबेहूब सारखी, मॉडेल नंबरही तोच. फरक खात्रीने कळतो तो असा: सुरू होताना एफ10 दाबा, फाइल मेन्यूत सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि बूट ब्लॉक डेट वाचा. 2013 असेल तर जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस ताजा करा, मग चिप बदला. फिरणाऱ्या त्या संदेशात या तारखेचा उल्लेखसुद्धा नाही.

आता ‘तिप्पट वेग’. समजा आत ई5-1620 आहे: चार कोर, टर्बोमध्ये (गरजेपुरता वाढणारा कमाल वेग) 3.8 गिगाहर्ट्झ. त्याजागी ई5-2697 व्ही2 आला: बारा कोर, पण टर्बो 3.5 पर्यंतच. तुमचं एक काम तासाभराचं आहे. त्यातलं निम्मं एकाच कोरवर चालतं, निम्मं सगळ्या कोरांत वाटलं जातं. वाटलं जाणारं 30 मिनिटांचं काम फार तर 10 मिनिटांवर येईल. उरलेली 30 मिनिटं तशीच. म्हणजे 60 ची 40 झाली, 20 नव्हे. शिवाय एकेका कोरचा वेग उतरल्यामुळे ती 30 मिनिटं थोडी वाढतातच. व्ही2 ची रचना सुधारलेली आहे, पण त्याने घट पूर्ण भरून निघत नाही.

ब्लेंडरमध्ये प्रोसेसरवर रात्रभर रेंडर लावणाऱ्याला बारा कोर जरूर घ्यावेत, त्याचं भलं होईल. दिवसभर ऑटोकॅडमध्ये नकाशे काढणाऱ्याला मात्र हीच चिप जुन्यापेक्षा मंद वाटू शकते. आपलं काम कुठल्या प्रकारचं, हे फुकटात तपासता येतं. काम अडलेलं असताना टास्क मॅनेजर उघडा. 1620 मध्ये आठ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारे कामाचे धागे, कोरमागे दोन) आहेत, त्यामुळे एकच थ्रेड पूर्ण राबत असला तरी एकूण वापर 12-13 टक्केच दिसतो. आकडा तिथेच अडकून राहिला, तर प्रोसेसर निवांत आहे असं समजू नका. तुमचं काम एका कोरवर अडकलंय, आणि आणखी आठ कोर आणून ते सुटणार नाही. अशांसाठी मी ई5-1650 व्ही2 सुचवतो: सहा कोर, टर्बो 3.9. बूट ब्लॉक 2011 चा असेल तर पहिल्या पिढीतला ई5-1660, तोही सहा कोर आणि 3.9.

‘बाकी काही बदलावं लागत नाही’ हेही अर्धवट आहे. 95 वॅटच्या चिपवरचा कूलर 130 वॅटला पुरेल असं गृहीत धरू नका, आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) तर नवीच लावायची. मेमरीला चार चॅनेल (प्रोसेसरशी जोडणारे वेगळे मार्ग) आहेत; एकच मोठी पट्टी लावून ठेवली असेल तर प्रोसेसर बदलण्याआधी ते सुधारा. हार्ड डिस्क अजून फिरतीच असेल तर पहिला पैसा एसएसडीवर. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 च्या अधिकृत यादीत यातली कुठलीच चिप नाही. एव्हीएक्स2 सूचनाही (एकदम जास्त आकडेमोड करवणाऱ्या प्रोसेसरच्या आज्ञा) या दोन्ही पिढ्यांत नाहीत, त्यामुळे ज्या सॉफ्टवेअरला त्या लागतात ते कोर वाढवूनही चालणार नाही.

लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, मशीन वापरलेलंच मिळणार. विकणाऱ्याला सांगा: मशीन सुरू करून एफ10 दाबा आणि बूट ब्लॉक डेटच्या स्क्रीनचा फोटो पाठवा. दोन मिनिटांचं काम आहे. फोटो येईपर्यंत पैसे पाठवू नका, आणि तोवर व्ही2 ची ऑर्डरही देऊ नका.