कात्री लावण्याआधी

नऊवारीखाली बूट घातले म्हणून संस्कृती बुडत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पाडव्याच्या स्वागतयात्रेचे फोटो आले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी हाच तंटा. यंदा एका काकांनी लिहिलं, "नथ, फेटा, गॉगल आणि पायात कॅनव्हासचे बूट! हा काय तमाशा?" काका स्वतः त्याच फोटोत जीन्सवर कुर्ता आणि मोदी जॅकेट घालून उभे होते. त्यांना कोणी काही म्हणालं नाही. मीही नाही म्हणाले, शेजारी आहेत, रोज तोंड बघायचंय.

मी नाशिकला, इंदिरानगरमध्ये घरीच शिवणकाम करते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, परकर-पोलकं, लेहंगा, आणि हल्ली सगळ्यात जास्त शिवलेली नऊवारी. त्यामुळे या विषयात नाक खुपसायचा मला थोडा हक्क आहे असं धरून चालते. कशावर काय घालायचं, यात ज्याला जे सुचेल ते त्याने खुशाल करावं. साडीवर शर्ट घाला, धोतीवर खणाचं जॅकेट घाला, पैठणीवर बेल्ट लावा. माझा जीव खालीवर होतो तो एकाच गोष्टीने, हातमागावरच्या अख्ख्या साडीला कात्री लागताना. त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी त्या 'पारंपरिक' शब्दाच्या जोरावर भांडणाऱ्यांसाठी. आपण परकर, ब्लाऊज आणि सहावारी असं जे नेसतो, ते तरी कुठे अनादि काळापासून चालत आलंय? सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएस, म्हणजे इंग्रजी अमलातले सनदी अधिकारी झालेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक झाली आपल्याच मुंबई इलाख्यात. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६० च्या दशकात त्यांच्याबरोबर इकडे आल्या. बंगालमधल्या घरंदाज बायका तेव्हा ज्या तऱ्हेने साडी नेसत, ती घराबाहेर चारचौघांत वावरायला सोयीची नव्हती. ज्ञानदानंदिनींनी इथल्या पारशी बायकांचं नेसणं बघितलं, त्यात आपले बदल केले, आत परकर आणि वर ब्लाऊज घेतलं. ती नेसण पुढे बंगालमध्ये 'ब्राह्मिका' म्हणून शिकल्या-सवरल्या घरांत रुळली. म्हणजे पारशी, बंगाली आणि विलायती असं तिन्हीचं ते मिश्रण. आज तेच घालून हळदीकुंकवाला गेलं की आपण अस्सल.

आमच्या घरातलं सांगते. माझी आत्या कॉलेजात जायला लागली तेव्हा नऊवारी सोडून गोल पातळ, म्हणजे सहावारी, नेसायला लागली. आजोबांनी अबोला धरला. आजीला त्यात पाप वगैरे काही वाटलं नव्हतं, तिची तक्रार वेगळीच होती. "सायकलवर जायचं तर काष्टाच बरा की गं, गोल नेसून पाय कसा टाकणार?" आजीचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. नऊवारी ही कामाची नेसण. दोन्ही पाय मोकळे, परकराची भानगड नाही, गुडघ्यापर्यंत वर घेऊन खोचली की चिखलात उतरा नाहीतर गोठ्यात. पेठ, सुरगाण्याकडच्या बायकांचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं, चोळी आणि वरून फडकी, तेही डोंगर चढायच्या हिशेबानेच.

आणि फ्यूजन बघायचं असेल तर कॉलेज रोडवर कशाला जाता, द्राक्षाच्या हंगामात निफाड नाहीतर दिंडोरीकडे चक्कर मारा. थिनिंगला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, जाणाऱ्या बायकांच्या अंगात साडीवर नवऱ्याचा किंवा पोराचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट रुमाल. ऊन लागू नये, काडीने दंड ओरबाडू नये, फवारलेल्या पानांचा अंगाला स्पर्श होऊ नये. वर्षानुवर्षं चाललंय हे, कोणाला त्यात फॅशन दिसली नाही. आता दुकानाच्या काचेत पांढऱ्या कडक शर्टावर लिननची साडी नेसवलेला पुतळा उभा असतो आणि त्याच्या किमतीत या बायकांची कितीतरी दिवसांची मजुरी निघेल. वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण साडीवर शर्ट ही कल्पना चांगलीच आहे, मी स्वतः नेसते.

शिवलेल्या नऊवारीला नावं ठेवणारे खूप. "हे काय झबलं!", "निऱ्या खोट्या, काष्टा खोटा." माझ्याकडे ज्या येतात त्यातल्या निम्म्या मुली ढोलपथकात वाजवणाऱ्या. कमरेला ढोल बांधून दुपारच्या उन्हात वाजवायचं, तर निरी सुटली की तिथे रस्त्यात कुठे नेसत बसणार? या शिवणीत कसब लागतं हे मात्र लक्षात घ्या. कंबर, सीट, मांडीचा घेर आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची नीट घ्यावी लागते. आसन सैल ठेवलं नाही तर पहिल्याच उडीला टर्रकन जातं. मागच्या काष्ट्याचा काठ पाठीमागे बरोबर मधोमध, सरळ उतरला पाहिजे. तो बोटभर जरी तिरका गेला तरी सगळं ध्यान दिसतं, मग पुढच्या निऱ्या कितीही झोकात असोत.

आणि खिसा. उजव्या बाजूच्या निऱ्यांच्या आड मी खिसा काढून देते. मोबाईल बसेल एवढा, आतून जाड कापडाचा, तोंडाशी एक बटण. आजीच्या नऊवारीला कनवट होती, तिच्यात सुटे पैसे, किल्ली, सुपारीचं खांड सगळं असायचं. सहावारीत ते कमरेला खोचलेल्या रुमालापुरतं उरलं, पंजाबी ड्रेसमध्ये तेही गेलं. म्हणजे शिवलेल्या नऊवारीने गेलेली सोय परत आणली. ट्रायल घेताना मुली आधी आरसा बघत नाहीत, आधी खिशात हात घालून बघतात. "काकू, खिसा!" असं ओरडतात, जसं काही मी दागिना दिलाय.

पण ही नऊवारी मी नव्या कापडाची शिवते. सेमी (म्हणजे यंत्रमागावरची, शुद्ध रेशमाची नसलेली पैठणी), आर्ट सिल्क, सुती, काहीही. त्याला कात्री लागली तर लागली.

आता मुद्द्यावर येते. गेल्या लग्नसराईत एक मुलगी आली. पिशवीतून मलमलीत गुंडाळलेली जांभळी पैठणी काढली, सासूबाईंची. म्हणाली, "ताई, याचा संगीतला गाऊन करायचाय. वर कॉर्सेट, खाली भरपूर घेर. आणि पदरातले मोर समोर छातीवर यायला हवेत." फोनमध्ये एका नटीचा फोटोही होता.

मी पदर उलटा करून तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, बघ. हातमागाच्या पैठणीचा पदर सुलट आणि उलट जवळपास सारखाच दिसतो. कारण नक्षीतल्या प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी नळी, वेगळी. हिरवा जिथे संपतो तिथे तो शेजारच्या जरीत अडकवून मागे वळवतात, मग पुढचा रंग. धागा मागून लांब ओढत नेत नाहीत, त्यामुळे पाठीमागे लोंबणारे दोरे नसतात. मोराच्या मानेचा बाक विणकराने असा एकेक आडवा धागा मोजून भरलेला असतो. नक्षी दाट असेल तर एका साडीला महिनेच्या महिने जातात. येवला इथून सुमारे ८५ किलोमीटर. कधी गेलात तर एखाद्या घरातल्या मागाशेजारी थोडा वेळ नुसतं बसून बघा, काम किती हळू पुढे सरकतं ते कळेल.

आता यावर कॉर्सेटचं कटिंग मांडा. पुढच्या-मागच्या मिळून दहाएक कळ्या निघतात. मोराच्या मानेतून एक कात्री, पिसाऱ्यातून दुसरी. कापलेल्या कडेला रेशीम आणि जर सुटायला लागते, म्हणून मागून फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, चिकटवा, त्यावर गरम इस्त्री फिरवा. अंगाला घट्ट बसवायचं म्हणजे ताण शिवणीवर, आणि जुनं रेशीम शिवणीशीच आधी विरतं. एवढं करून तो गाऊन होणार तिच्या त्या महिन्यातल्या मापाचा. साडी सासूची सुनेला, सुनेची नणंदेला होते, कारण ते सलग साडेपाच मीटर कापड असतं. बाळंतपण झालं, वजन वाढलं, उतरलं, काही उसवावं लागत नाही. मी शिवणीत कितीही माया, म्हणजे जादा कापड, सोडून शिवलं तरी शिवलेल्या कपड्याला हे जमत नाही.

तिने सरळ विचारलं, "पण ताई, मी साडी नेसतच नाही. नुसती कपाटात ठेवून काय करू?"

हा प्रश्न खोटा नाही. घडीवर चिरलेल्या पैठण्या मी किती बघितल्यात. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिल्या, आणि उघडल्या तेव्हा घडीच्या रेषेवर सरळ फाटत गेल्या. जपून ठेवण्याच्या नादात साडी मारणाऱ्या बायकांना तिला बोलायचा अधिकार नाही.

शेवटी आम्ही असं केलं. साध्या रॉ सिल्कचा मोतिया रंगाचा लेहंगा आणि ब्लाऊज नवीन शिवला. कमरेला एक सुती पट्टा केला आणि पैठणीच्या निऱ्या त्या पट्ट्याला बारीक सुईने, हाताने, धावदोऱ्यात टाचल्या. मशीनला हातच लावला नाही. पदर उलटा, गुजराती घेतात तसा, म्हणजे मोर तिला हवे तिथे समोर. संगीतात पोरगी मनसोक्त नाचली. नंतर मी टाके उसवले, साडी जशीच्या तशी घडी करून दिली. मध्ये सासूबाईंचा फोन आला होता. फोटो बघून त्यांना वाटलं कापलीच. दोन मिनिटं नुसत्या बोलत होत्या, मला मध्ये बोलूच देईनात.

म्हणजे जुन्या साडीला कधीच कात्री लावू नये का? लावावी की. अंग विरलंय आणि काठ-पदर शाबूत आहे अशी साडी असेल, तर काठाची जॅकेटं करा, ब्लाऊजच्या बाह्यांना लावा, लहान मुलीचा परकर करा. अशा कापडाला आतून मलमलचं अस्तर दिलं की आणखी काही वर्षं निघतात. खणाचा तर जन्मच कात्रीसाठी. बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा खण, अरुंद पन्हा, दोन्ही बाजूंना काठ, तो विणला जायचाच चोळीसाठी. म्हणून खणाचा कुर्ता, खणाची पर्स, खणाचं जॅकेट बघून मला काही होत नाही. बाजारातला बराचसा खण आता यंत्रमागाचा असतो, पण तोही चांगला टिकतो.

आणि हौस असेल, खिशात पैसे असतील, तर याहून चांगला रस्ता आहे. येवल्याला पैठणीच्या ओढण्या, स्टोल, ब्लाऊजपीस मागावरच विणून मिळतात. साध्या सुती कुर्त्यावर पैठणीची एक ओढणी, बास. कापड आपल्या मापाने मागावरून उतरतं, विणकराला काम मिळतं आणि कोणाच्या सासूबाईंचा फोन येत नाही.

छापील मोरांच्या पॉलिस्टरवरूनही लोक नाकं मुरडतात. कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेला पोरीने काही हजारांची सेमी किंवा काही शेकड्यांचं प्रिंट घेतलं तर काय बिघडलं? धुता येतं, मैत्रिणीला देता येतं, गाडीवर बसता येतं. आपल्याच जिल्ह्यात येवल्याचे हातमाग आहेत आणि मालेगावचे यंत्रमागही आहेत, दोन्हीवर घरं चालतात. फक्त यंत्रमागाच्या साडीला हातमागाची म्हणून विकू नये. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या गळ्यात एका दुकानात शुद्ध रेशमाची, पण यंत्रमागाची साडी तशीच मारली. तिने सिल्क मार्कचं लेबल बघून घेतली होती. ते लेबल रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतं, हातावर विणलंय का हे सांगत नाही, त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. लेबल नसेल तर पदराची मागची बाजू बघा. कापलेल्या दोऱ्यांची झालर किंवा आडवे लोंबते धागे दिसले तर यंत्राचं काम समजा. काठावर जाऊ नका, हातमागाच्या काही प्रकारांत काठाला मागून धागे असतात, पदरच बघा.

ग्रुपवरच्या काकांना हे सगळं सांगायचा माझा इरादा नाही. त्यांच्या सूनबाईंचं ब्लाऊज माझ्याकडेच आहे, बोटनेक, मागे लटकन, आणि त्यावर ती स्कर्ट घालणार आहे.

एक विनंती. कोणाकडे आजी-पणजीची हाताने शिवलेली खणाची चोळी असेल, पुढे गाठ मारायची, काखेत तुकडा जोडलेली, तर मला बघायला द्या. फाटकी असली तरी चालेल. तो काखेतला तुकडा नेमका कसा कापायचे आणि काठ दंडावर कसा आणायचे, ते मला उलटून बघायचंय. आजकालच्या ब्लाऊजमध्ये हात वर केला की सगळं वर सरकतं, त्या चोळीत सरकत नसे. उसवणार नाही, कापणार तर नाहीच. इंदिरानगरला येणं जमत नसेल तर मी येते, मेन रोडला अस्तर आणायला जाणं होतंच.