स्क्रीनशॉट टाका, पण त्यावर काही बोला तरी

गावाकडं सध्या स्क्रीनशॉटवरून वाद पेटला आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातले दोन-तीन पोट्टे नेमानं शेतीवर लिहितात, भाव, फवारणी, पीकविमा सगळंच, अन् त्यातल्या एकाला एका न्यूज साईटकडून मेल आला की आमच्या पानांचे फोटो काढून टाका नाहीतर कारवाई करू. झालं, तेव्हापासून एक गट म्हणतो "नेटवर टाकलं म्हंजे सगळ्याइचं झालं, खाली साभार लिहा ना भाऊ", अन् दुसरा गट इतका घाबरला की त्यानं जुने सगळेच स्क्रीनशॉट उडवले, पीकविम्याच्या साईटचे सुद्धा. मला दोन्ही पटत नाही.

मी राहतो जर्मनीत, इथं हा विषय लय कडक आहे. हवामानाचा नकाशा, शहराचा नकाशा, कुणाचा तरी फोटो आपल्या पानावर असाच डकवला की वकिलाचं पत्र येऊ शकतं, आबमानुंग म्हणतात त्याला, अन् त्यात नुसतं काढून टाका एवढंच नसतं, पुन्हा असं करणार नाही म्हणून सही करून द्या आणि वकिलाची फी पण तुम्हीच भरा असं असतं. सहज काढलेल्या साध्या फोटोलासुद्धा इथं 50 वर्षं संरक्षण आहे. तरी कायद्यात कलम 51 आहे, उद्धरणाचं. ज्या चित्रावर तुम्ही खरंच काही बोलताय ते पुरावा म्हणून, लागेल तेवढंच, स्रोत सांगून वापरता येतं, नुसत्या शोभेसाठी नाही. त्यामुळे मला सवयच लागली, हे चित्र काढून टाकलं तर माझं म्हणणं अडते काय? अडत नसेल तर टाकायचंच नाही.

आता आपल्याकडचं पाहा राजेहो. 1957 चा कॉपीराइट कायदा, कलम 52, त्यात टीका-समीक्षा, चालू घडामोडींची बातमी, स्वतःचा अभ्यास यासाठी फेअर डीलिंगची, म्हणजे परवानगी न घेता रास्त वापराची, मोकळीक लिहून ठेवलेली आहे. म्हणजे विम्याच्या साईटवर तारीख एक आणि कंपनीच्या मेसेजमध्ये दुसरी, असं दिसलं आणि तुम्ही तेवढाच तुकडा टाकून त्यावर नीट लिहिलं, तर तुमची बाजू मजबूत आहे. पण ई-पेपरचं अख्खं पान उचलून टाकायचं, स्वतःची एक ओळ नाही, खाली फक्त "साभार", याला टीका कोण म्हणेल? साभार म्हणजे परवानगी नव्हे. 2020 मध्ये जागरण या हिंदी वृत्तपत्रानं टेलिग्रामवर दिल्ली हायकोर्टात केस टाकली होती, ई-पेपरच्या पीडीएफ चॅनेलवर फुकट वाटत होते म्हणून, अन् कोर्टानं ते चॅनेल काढायला लावले. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम 63 खाली 6 महिने ते 3 वर्षं कैद होऊ शकते, हे त्या साभारवाल्यांनी एकदा वाचावं.

भावाचं तर सोपंच आहे. बाजार समितीत कापूस आज कितीनं गेला ही नुसती माहिती आहे, तिच्यावर कुणाचा कॉपीराइट नसतो. तारीख, बाजार, कमीत कमी आणि जास्तीत जास्त भाव हातानं टाईप करा, त्याले स्क्रीनशॉट कायले पाह्यजे?

अन् हा कायदा फक्त मोठ्या साईटवाल्यांचाच आहे असं समजू नका. माझ्या चुलतभावाच्या पोरानं बोंडअळीचा एक फोटो काढला होता, फोडलेलं बोंड तळहातावर, आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, अन् अंगठ्याच्या नखात काळी माती. इतका स्पष्ट फोटो की पाहणाऱ्याला अळी ओळखायला दुसरं काही लागू नये. तालुक्यातल्या एका औषधवाल्यानं तो स्क्रीनशॉट मारून, कोपऱ्यातलं पोराचं नाव कापून, आपल्या जाहिरातीत लावला. फोटोवर हक्क पोराचा आहे, त्यासाठी कुठं नोंदणी करायची गरज नाही, फोटो काढला तेव्हाच तो हक्क लागू झाला आणि पोराच्या हयातीत अन् त्यानंतरही 60 वर्षं राहतो. नेटवरचं सगळं सगळ्याइचं म्हणणाऱ्यांनी या पोराला काय ते समजावून सांगावं. मला तर राग आला, अजूनही येतो.

पण जास्त चिंता मला घाबरलेल्या गटाची आहे. साईटवरचं पान आज आहे ते उद्या बदलते, तक्रार करायची मुदत, नुकसानीचे आकडे, सगळं. मग शेतकऱ्याच्या हातात काय राहते? तो स्क्रीनशॉटच. इथं जर्मनीत एवढा धाक असूनही, ज्यावर बोलायचं ते दाखवायला लोक मागं हटत नाहीत, मग आपल्याकडं कायद्यानं जागा दिली असताना आपण कायले हटायचं?

तेव्हा उडवलेले विम्याचे स्क्रीनशॉट कुणाच्या फोनमध्ये असतील तर परत टाका. लागतो तेवढाच भाग ठेवा, पानाचा पत्ता आणि काढल्याची तारीख लिहा, शेतकऱ्याचं नाव, आधार, खाते नंबर झाकून घ्या, अन् खाली काय चुकलं ते स्वतःच्या शब्दात लिहा. न्यूज साईटचे फोटो मात्र काढून टाका, ते मागणं बरोबरच आहे त्यांचं.