रुपयातले चार आणे

आषाढीला कोल्हापुरातल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' लावायचं ठरलं, १९३६ चा. पेनड्राइव्ह माझा, पंचावन्न इंची टीव्ही मंडळाचा आणि रिमोट अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात. इथंच सगळं आलं.

पहिला अभंग संपायच्या आत अण्णांनी बटण दाबलं आणि तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस आडवे पसरले. तुकोबा गंगावेस तालमीत खुराकावर असल्यासारखे दिसायला लागले.

"अण्णा, ते बाजूचं काळं राहू द्या की. चित्र तेवढंच आहे."

"तेवढंच कसं? वर्गणी काढून टीव्ही आणलाय. दोन्ही अंगाला काळं ठेवायचं म्हंजे रुपयातलं चार आणं वाया."

हिशेब बरोबर होता, हेच वाईट. त्या काळच्या बोलपटाची चौकट म्हणजे रुंदीला उंची १.३७ ला १, जवळपास ४:३. आजचा टीव्ही १६:९. उंची पुरी भरली की रुंदीचा पाऊण भागच भरतो. पंचावन्न इंचीवर दोन्हीकडं चौदा-पंधरा सेंटिमीटर काळं उरतं. ते भरायचं तर माणसं एक तृतीयांशानं रुंद करावी लागतात.

"अहो, पण सगळी जाडी दिसायला लागली."

"जाडी न्हाईत, भरल्याली दिसाय लागल्यात. कोल्हापूरच्या पिच्चरात गडी कसा पायजे?"

"हा कोल्हापूरचा नाही. प्रभात इथं १९२९ ला निघाली, पण १९३३ ला पुण्याला गेली. हा पुण्यात काढलाय."

अण्णा जरा थांबले. "पुण्यात? तरीच वाळल्यात. मग तर ऱ्हाऊ दे रुंद."

हॉल हसला. मागनं कुणीतरी "नाद खुळा!" म्हणालं. मी गप्प बसलो, पण पिक्चर काही धड बघवेना.

याच टीव्हीवर गणपतीत कुणाच्या तरी नातवाची उभी रील लावली होती. तेव्हा दोन तृतीयांश पडदा काळाठिक्कर होता. तेव्हा नाही कुणी आण्यांचा हिशेब मांडला!

शंका असेल तर टेप घ्यावी. पडद्यावर टाळ, चाक, जातं असं काही गोल समोरून दिसलं की थांबवून मोजावं. उंची १५ सेंटिमीटर आणि रुंदी २० भरली, तर चित्र ताणलंय. सेटिंगमध्ये 'पिक्चर साइज' असतं, तिथं ४:३ किंवा 'ओरिजिनल' निवडायचं. 'झूम' अजिबात नको. त्यात काळं जातं खरं, पण वरखालचं मिळून पाव चित्रही जातं, म्हणजे वरून पागोटं आणि खालून चिपळ्या. कधी नेटवरून उतरवलेली फाइलच कुणीतरी ताणून ठेवलेली असते, मग टीव्ही ४:३ वर टाकून ती दाबून घ्यावी लागते. आणि ते 'मोशन स्मूदिंग' आधी बंद करा. बोलपट सेकंदाला २४ चौकटींचा. मधल्या चौकटी टीव्ही स्वतःच्या मनानं रचतो, आणि जुन्या प्रिंटवरचे ओरखडे आले की गोंधळून माणसांच्या कडा फरपटवतो.

हे दुसऱ्या कुठल्या गावात झालं असतं तर एवढं लागलं नसतं. बाबूराव पेंटरांनी खटपट करून कॅमेरा घडवला तो इथं, 'सैरंध्री' हा मूकपट काढला १९२० मध्ये तोही इथं. नायट्रेटची ती फिल्म भसकन पेटायची; त्या काळचे बहुतेक मूकपट कायमचे गेले. वाचलंय ते निदान त्याच्या मापात बघायला काय जातंय? पण आम्हाला कलानगरीचा अभिमान तेवढा पाहिजे, मेनू उघडायचा मात्र कंटाळा.

आता मी काळ्या पट्ट्या फाइलमध्येच चिकटवतो. १४४० बाय १०८० चं चित्र, त्याला दोन्हीकडं २४०-२४० पिक्सेल काळे जोडायचे, की १९२० बाय १०८० ची नवी फाइल तयार. टीव्हीला वाटतं चित्र मुळातच एवढं रुंद आहे, आणि ताणायचं बटण कितीही दाबलं तरी काही होत नाही. झूम तेवढं उरतं.

परवा अण्णा कोपऱ्यावर भेटले. रिमोट खिशातच होता. म्हणाले, "ते भिंगाचं चित्र असल्यालं बटण कशाचं रं?"