तक्रारही कॉलवर? नाही जमत बाप्पा
लेखात म्हटलंय की व्हिडिओ कॉलमुळे ग्राहकाकडे जायची गरजच उरली नाही, तक्रारसुद्धा कॉलवर मिटते. रिव्ह्यू मीटिंगचं म्हणाल तर शंभर टक्के मान्य. आधी दर महिन्याला दोन तासांच्या मीटिंगसाठी दोन रात्री रेल्वेमधी जायच्या, आता नागपूरजवळ बुटीबोरीत कारखान्यात बसूनच होते अन् घरी जेवायला पोचतो. पण तक्रारीचं काहून लिहिलं ते समजलं नाही.

आमचे स्टीलचे बुश, म्हणजे आतून पोकळ गोल पार्ट, पुण्याच्या ग्राहकाकडे जातात. बोअर (आतलं भोक) १२ मायक्रॉन, म्हणजे १२ हजारांश एमएम, मोठा येतो म्हणून लॉट रिजेक्ट झाला, तीन आठवडे कॉलवर कॉल, आम्ही आमचे रीडिंग दाखवायचे, ते त्यांचे दाखवायचे, अर्धा वेळ तर "आवाज येतोय का सर" यातच जायचा, अन् एकदा कोणाच्या तरी घरचा कुकर सगळ्यांनी ऐकला. शेवटी गाडी काढून समृद्धी महामार्गानं मी स्वतः गेलो. त्यांच्या लाइनवर उभा राहून पाहतो तर पोरगा पार्ट धुवायच्या वॉशिंग मशीनमधून पीस काढतो अन् गरम गरमच मोजतो! ५० एमएमचा बोअर २० डिग्रीनं तापला की तेवढा फरक येतोच ना. थंड होऊ देऊन मोजला, बरोबर निघाला. ते खोटं बोलत नव्हते, आम्हीही नाही, पण पीस गरम आहे हे स्क्रीनवर कोणाला दिसणार? अन् मोजणारा पोरगा तर एकाही कॉलवर नव्हता, सगळे मॅनेजरच.