विहिरीत ढकलून स्कीइंग शिकवता येत नाही

गेल्या महिनाभरात तो मेसेज मला चार ग्रुपवर आलाय. वाडीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, आंबा बागायतदारांच्या ग्रुपवर (तिथे त्याचं काय काम होतं कुणास ठाऊक) आणि शेवटी घरच्या ग्रुपवर खुद्द काकांनी टाकला, खाली दोन अंगठे. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या (स्की) लावून बर्फावरून घसरणं, एका दिवसात येतं, कोर्सवाले उगाच पैसे काढतात, एखादा येणारा मित्र सोबत घ्यायचा, गंडोलाने, म्हणजे डब्यांच्या रोपवेने, सरळ वर जायचं आणि खाली यायचं. भीती वाटली तर मागे झुकायचं. पाय तिरके करून थांबायचा जो प्रकार शिकवतात तो जुना झालाय. बूट जरा सैल घ्यायचे, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) घट्ट करायची. गॉगल वगैरे नको, आपण समुद्रावरची माणसं, आपल्याला उन्हाची सवय. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, आपल्याकडे पोरांना विहिरीत ढकलून पोहायला शिकवतात, हेही तसंच.

मी देवगडकडचा. काही वर्षांपूर्वी गुलमर्गला बेसिक कोर्स केला, मग इंटरमिजिएट, आणि तेव्हापासून जमेल त्या हिवाळ्यात इकडची आठ-दहा माणसं घेऊन जातो आणि नवशिक्यांच्या उतारावर इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली पडलेल्यांना उचलायचं काम करतो. मी स्वतः सर्टिफाइड इन्स्ट्रक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण पडलेली माणसं भरपूर बघितलीत.

विहिरीपासूनच सुरुवात करू, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचा आलाय. कोणाला कधी ढकललं होतं रे? मला आठवतं ते असं की आधी दोन पावसाळे आम्ही व्हाळात, म्हणजे ओढ्यात, गुडघाभर पाण्यात, दगडाला धरून पाय मारायचो. मग मे महिन्यात बाबांनी पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधला, कमरेला काथ्याचा दोर, दोराचं दुसरं टोक वर त्यांच्या हातात, आणि चुलता आधीच खाली पाण्यात उतरून उभा. डबा किती दिवसांनी सुटला माहितीय? अख्खी सुट्टी संपत आली तेव्हा. ढकललं हे खरं, पण त्या ढकलण्याच्या आधी व्हाळ होता, डबा होता, दोर होता आणि खाली चुलता होता. मेसेजवाल्याला फक्त शेवटचा धक्का आठवला. स्कीइंगही अगदी असंच शिकवतात, व्हाळ आधी आणि बाव (विहीर) नंतर, त्यामुळे उदाहरण त्याचंच आहे आणि ते त्याच्याच विरुद्ध जातं.

आता तो मित्र. मित्राला येतं म्हणजे मित्राला शिकवता येतं असं नसतं, उलट ज्याला चांगलं येतं त्याला आपण पहिल्या दिवशी काय करत होतो तेच आठवत नाही. दर वर्षी एक तरी जोडपं दिसतं, तो वीस फूट खाली उभा राहून ओरडतोय गुडघे बेंड कर, बेंड कर, ती बिचारी आधीच इतकी वाकलीय की नमस्काराला आल्यासारखी दिसतेय, आणि खरी अडचण गुडघ्याची नसतेच, तिच्या बुटाचं वरचं बक्कल उघडं असतं. इन्स्ट्रक्टर ते बक्कल लांबून बघतो. पैसे त्या बघण्याचे असतात.

सरळ वर जायचं हा मुद्दा मात्र गमतीचा नाही. गुलमर्ग स्वतःच साधारण 2,650 मीटरवर आहे. गंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, दुसरा अफरवट डोंगराच्या अंगावर, 3,900 मीटरच्या वर. तो वरचा भाग म्हणजे मशीनने दाबून सपाट केलेली घसरगुंडी नव्हे, मोकळा डोंगर आहे, खोल बर्फ, हिमस्खलनाची जागा, तिथे कसलेले स्कीअरही गाइड घेऊन आणि त्या दिवशीचा इशारा वाचून जातात. शिवाय आपण शून्य मीटरवरून आलेली माणसं. अडीच हजार मीटरच्या पुढे काही जणांना डोकं दुखणं, मळमळणं सुरू होतं, म्हणून आमचा पहिला दिवस नुसता चालण्यात आणि पाणी पिण्यात जातो आणि त्यावर दर वर्षी कुरकुर होते.

दुसऱ्या दिवशी सपाटीवर. एकाच पायात स्की घालून ढकलत चालायचं, मग दुसऱ्या पायात. मग आडवं उभं राहून जिन्यासारखं एकेक पाऊल उतार चढायचा. मग पडायचं, मुद्दाम, कुशीवर, आणि उठायला शिकायचं. हे उठणं म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे, दोन्ही स्की उताराला आडव्या केल्याशिवाय उठता येत नाही, उठलात की परत घसरता, आणि हे कोणी वेळेत सांगितलं नाही तर माणूस अर्धा तास उलट्या कासवासारखा पडून राहतो. या सगळ्यानंतर दहा-पंधरा पावलांचा उतार, आणि तोसुद्धा असा की खाली जागा आपोआप सपाट होते आणि माणूस काही न करता थांबतो. मेसेजमध्ये याला टाइमपास म्हटलंय.

थांबायचा जो जुना झालेला प्रकार, त्याला स्नोप्लाऊ म्हणतात. पुढची टोकं जवळ, मागची लांब, दोन्ही पायांच्या आतल्या कडा बर्फात रुतवायच्या, की वेग मरतो. मी आमच्या ग्रुपला याचं नाव नांगर सांगतो. प्लाऊ म्हणजे नांगर आहेच, आणि आपल्याकडे होडी थांबवायला टाकतात तोही नांगरच. दोन वर्षांपूर्वी ट्रॉलरवर काम करणारा एक पोरगा आमच्याबरोबर होता. उभं राहण्यात त्याला कोणाची बरोबरी नव्हती, हलत्या होडीत उभं राहायची सवय, गुडघे सैल, कंबर मोकळी, नजर लांब. पहिल्याच तासात म्हणतो मला वर सोडा. मी विचारलं, 'जातलंस खरो, पण मेल्या, थांबतलंस कसो?' गप्प झाला. मग दोन दिवस नुसता नांगर टाकत होता. वळायची वेळ आली तेव्हा बाकी सगळे गोंधळले, कारण डावीकडे जायचं असेल तर वजन उजव्या पायावर टाकायचं असतं, त्याला मात्र लगेच समजलं. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे जाते, हे तो लहानपणापासून करतोय.

इथे मेसेजला एक गुण द्यावा लागेल. स्नोप्लाऊशिवाय शिकवायच्या पद्धती खरंच आहेत. 1960च्या दशकात अमेरिकेत आखूड स्कीपासून सुरू करून हळूहळू लांबी वाढवायची पद्धत चालली, त्यात पहिल्यापासून दोन्ही पाय समांतर ठेवून वळायला शिकवत. आणि स्नोप्लाऊकडून हळूहळू समांतर वळणाकडे नेणारी जी पायरी-पायरीची पद्धत आहे ती ऑस्ट्रियाच्या हान्नेस श्नायडरने आर्लबर्गमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवली, म्हणजे शंभर वर्षं जुनी आहेच. पण जुनी म्हणजे चुकीची कशी? समांतर आधी शिकवायला आखूड स्की लागते, दाबून गुळगुळीत केलेला मंद उतार लागतो आणि तेच काम करणारा शिक्षक लागतो. गुलमर्गच्या टपरीवर भाड्याने मिळेल ती स्की घेतलेल्या, गर्दीच्या उतारावर उभ्या असलेल्या चाळिशीच्या माणसाला मी आधी नांगरच शिकवा म्हणेन. फक्त त्यातच अडकू नका. तीव्र उतारावर नांगर धरत नाही आणि मांड्या पेटतात.

आता मागे झुकणं. हे वाचून मला आमच्या घराकडची पाखाडी आठवली. श्रावणात चिऱ्यावर शेवाळ धरतं, त्यावरून पाण्याची कळशी घेऊन आजी सरसर उतरायची आणि मुंबईहून आलेले पाहुणे पहिल्याच पायरीवर आपटायचे. फरक काय होता? पाहुणा घाबरून अंग मागे टाकायचा, पाय पुढे पळायचे, ढुंगण खाली. आजी गुडघ्यात वाकलेली, वजन पावलाच्या पुढच्या भागावर. स्कीवर हेच, फक्त दहापट. स्की वळते ती पुढच्या भागाने. तुम्ही मागे बसलात की पुढचा भाग हलका होतो, ना नांगर लागत ना वळण, आणि वेग वाढतो, म्हणजे ज्या भीतीने मागे झुकलात तीच दुप्पट होते. नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली जाणवली पाहिजे, एवढी एकच खूण मी लोकांना लक्षात ठेवायला सांगतो. शिवाय मागे बसल्या बसल्या पडताना खालच्या स्कीची मागची आतली कड रुतली तर गुडघा आत पिळला जातो आणि सांध्याच्या आत हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट जायची ही ठरलेली रीत आहे. घसरत असताना उठायची धडपड करू नका, थांबेपर्यंत पडून राहा.

बाइंडिंग घट्ट करायचा सल्ला याच्याच पुढचा. बाइंडिंगचं काम पाय धरून ठेवणं आहे तसंच वेळेवर सोडणंही आहे. तिचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती जोरात चालवता यावरून ठरतो, नवशिक्याचा कमी असतो. घट्ट केलीत तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि नडगीचं हाड तिच्याबरोबर फिरतं. आणि बरोबर लावलेली बाइंडिंगसुद्धा मुख्यतः नडगी वाचवायला असते, गुडघ्याची हमी ती देत नाही. भाड्याच्या दुकानात तुमचं वजन न विचारता स्क्रू फिरवणारा भेटला तर दुकान बदला.

सैल बूट तर नकोच. मी स्वतः पहिल्या वर्षी एक नंबर मोठा बूट आणि दोन जोड मोजे घातले होते, दुकानदार म्हणाला ऊब राहील. तिसऱ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी. आत पाय पुढेमागे घसरत होता आणि मी वळवायचो पाय, स्की मात्र जिथे जायची तिथेच. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. मोजा एकच.

काठ्या बर्फात रोवून थांबता येतं असंही मेसेजच्या शेवटी आहे. नाही थांबता येत. पहिले दिवस काठ्या देतच नाहीत.

राहिला गॉगल. काका, हे खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही उभा जन्म किनाऱ्यावर काढलाय आणि तुम्हाला वाटतं ऊन म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवू नये. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत: कोरडी वाळू अतिनील किरणं साधारण 15 टक्के परत फेकते, समुद्राचा फेस 25 टक्के, आणि ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत. वर दर हजार मीटरला ही किरणं साधारण 10 टक्क्यांनी वाढतात. म्हणजे आपल्या वाळूची सवय तिथे कामाची नाही. दिवसभर उघड्या डोळ्यांनी राहिलेल्या माणसाला रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, उजेड सहन होत नाही. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांनाही क्रीम लावा, ऊन खालून येतं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, जरा लांबच झालं. काकांनी वाचलं, निळ्या टिका आल्या. मग तासाभराने त्यांचा एकच प्रश्न आला, की सरकारी संस्थांचा बेसिक कोर्स 14 दिवसांचा असतो, आणि तो जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ऐन मोहोरात. 'मगे फवारणी कोण करतलो?'

याला माझ्याकडे उत्तर नाही. या वर्षी मीही गेलो नाही, आंब्यावर तुडतुड्याची कीड फार होती.