पदक खरे आहे, पण दावा?

आमच्या मतदारसंघातील एका इच्छुक उमेदवाराच्या फलकांवर गेले पंधरा दिवस 'कारगिल योद्धा कॅप्टन' अशी बिरुदावली झळकत आहे. त्यांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्याकडे आरोप नाही, केवळ प्रश्न आहे, आणि तो माझ्या घरातच निर्माण झाला.

माझे वडील सैन्यात वाहनचालक होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. १९९९ च्या उन्हाळ्यात त्यांची तुकडी राजस्थान सीमेवर सज्ज होती, पण तेथे लढाई झाली नाही. परवा उचगावहून परतताना त्यांनी मला गाडी थांबवायला लावली, चष्मा पुसून त्या फलकावरील छातीवरची पदके एकेक करून पाहिली आणि म्हणाले, "हे गोल पदक माझ्याही ट्रंकेत आहे की."

बारकावा असा आहे की त्या युद्धासाठी दोन वेगळी सन्मानचिन्हे देण्यात आली. प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातील कारवाईत सहभागी असलेल्यांना 'ऑपरेशन विजय स्टार' मिळाला, तर त्या काळात देशभर इतरत्र सज्ज ठेवलेल्यांना 'ऑपरेशन विजय मेडल'. पहिले ताऱ्याच्या आकाराचे, दुसरे गोल. फलकावर तारा दिसत नाही. छायाचित्र जुने असेल किंवा तारा लावायचा राहिला असेल, हेही शक्य आहे. म्हणूनच हा प्रश्न आहे, निकाल नव्हे.

'कॅप्टन' या शब्दाचेही तसेच. दीर्घ सेवा केलेल्या सुभेदार, सुभेदार मेजर यांना प्रजासत्ताक दिन किंवा स्वातंत्र्य दिनानिमित्त मानद कॅप्टन हा हुद्दा मिळतो, आणि तो मोठाच मान आहे. मग 'मानद' हा शब्द गाळण्याची गरज का भासावी?

हे प्रश्न मी गावच्या ग्रुपवर मांडले, तेव्हा पहिले उत्तर आले की हा सैनिकाचा अपमान आहे, आणि दुसरे की यामुळे मराठी मते फुटतील. सीमाभागात दुसरे उत्तर कोणत्याही प्रश्नावर चालते, त्यामुळे त्याची आता सवय झाली आहे. पहिल्याचे मात्र वाईट वाटले. ज्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि ज्या भागात घरटी एक फौजी सापडतो, तेथे स्वयंपाकी, कारकून आणि चालक म्हणून आयुष्य घालवलेल्यांची सेवा कमी प्रतीची ठरते ती कोणी प्रश्न विचारल्याने नव्हे, तर युद्धात लढल्याशिवाय सेवेला किंमत नाही असे फलकावरून सुचवल्याने.

कायद्याची मदत येथे मर्यादित आहे. उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना २६ मध्ये गुन्हे, मालमत्ता, शिक्षण आणि व्यवसाय विचारला जातो, पण लष्करी सेवेचा वेगळा रकाना नाही. त्या प्रतिज्ञापत्रात खोटे लिहिल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, परंतु फलक म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे. माहिती अधिकारातही सरकारी सेवकाची सेवाविषयक माहिती वैयक्तिक मानली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात म्हटले. व्यापक जनहित दाखवता आले तरच ती मिळते. शौर्यपदके राजपत्रात प्रसिद्ध होत असल्याने कोणालाही तपासता येतात, सेवेचा बाकी तपशील मात्र स्वतः उमेदवारानेच दाखवावा लागतो.

विरोधकांनाही सांगायचे आहे. 'याला सैन्यातून हाकलले होते' असा संदेश कोणत्याही कागदाशिवाय फिरवला जात आहे, आणि तो फलकापेक्षा अधिक किळसवाणा आहे. अमेरिकेत २००४ मध्ये जॉन केरी यांच्या व्हिएतनाममधील पदकांवर काही माजी सैनिकांच्या गटाने असेच आरोप केले; नौदलाच्या नोंदी केरी यांच्या बाजूने होत्या, तरीही जाहिरातींचा धुरळा मतदानापर्यंत खाली बसला नाही.

आम्ही चौघांनी उमेदवारांच्या कार्यालयात लेखी पत्र दिले आहे. १९९९ मध्ये आपण कोणत्या पलटणीत व कोठे होता आणि निवृत्तीच्या वेळी हुद्दा काय होता, एवढेच त्यात विचारले आहे. साहेब प्रचारातून आल्यावर बघतील, असे तेथील मुलाने सांगितले. बाबांनी स्वतःची डिस्चार्ज पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत आणली होती, साहेबांना नमुना लागला तर असावा म्हणून.